नुसतं नाव घेतलं तर

हापसालूला, बंदराकडे जाणाऱ्या वाटेवर
खाली जाळी दुरुस्त करायचं दुकान, वर आमचं ऑफिस.
चार खुर्च्या. त्यातली एक कायम मोडकी.
समुद्र गोठला की हियुमा बेटापर्यंत
त्यावरून मोटारी जातात.
बर्फ किती जाड, रस्ता उघडा की बंद,
हे सांगणारा प्रोग्राम आम्ही लिहितो.

योसेपचा तिसरा आठवडा.
त्यानं नुसतं 'ब्रँच' टाइप केलं,
यंत्रानं शाखांची यादी दिली.
'टॅग' म्हटलं, खुणांची यादी दिली.
पोरगं हुशार, पुढचं ताडलं:
नुसतं नाव घेतलं की हा सांगतो, करत काही नाही.
मग त्यानं 'स्टॅश' म्हटलं,
आत कोणी काय ठेवलंय ते बघायला,

आणि दोन दिवसांचं काम
पडद्यावरून उचललं गेलं.

तो ओरडला नाही. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या,
आणि थंड झालेली कॉफी त्यानं उगाच दोनदा ढवळली.
उरली होती एकच फाइल, सकाळी बनवलेली,
जिची यंत्राकडे अजून नोंदच नव्हती.
घरातलं सगळं सामान माळ्यावर जावं
आणि अनोळखी पाहुणा तेवढा
बैठकीत बसून राहावा, तशी.

उर्वे उठली, पायांत लोकरीचे मोजे, चालल्याचा आवाज नाही.
दोन शब्द टाइप केले, सगळं परत आलं.
"तू चुकला नाहीस," ती म्हणाली,
"एकासारखं दुसरं असेल असं धरून चाललास."

मला माझ्या भाषेतला 'खेळ' आठवला.
नुसतं 'खेळ' म्हटलं
तर तो दाखवायचा, की सुरू करायचा?
आणि 'बोल'? आणि 'मार'?

मग उर्वेनं त्याला एका आतल्या फोल्डरमध्ये नेलं.
इथे उभा राहा. आता विचार.
काय बदललंय? सगळ्या घराचं सांगतो.
शोध. या खोलीपुरतं शोधतो.
झाडून काढ. याच खोलीपुरतं, तेही दटावल्यावर.
फरक दाखव. पुन्हा अख्खं घर,
फक्त जे बांधून दारात ठेवलंय
त्याबद्दल अवाक्षर नाही.
उंबरा तोच, उभा राहणारा तोच.

"मग कोणी दुरुस्त का करत नाही?"

उर्वे खिडकीतून बघत होती. जाळीवाला तावेत
खाली बर्फ खरवडत होता.
"वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या माणसांनी लिहिलंय.
आता ते लोकांच्या बोटांत बसलंय.
आज नीट केलं, तर उद्या
तीच चूक ठरेल."

शुक्रवारी तिनं आम्हाला बेटावर घरी नेलं,
सूर्य बुडायच्या आत, कारण नंतर वाट बंद.
किनाऱ्यावर पिवळ्या जाकिटातल्या माणसानं
हात हलवून पट्टे सोडायला सांगितले.
जमिनीवर पट्टा बांधायचा, बर्फावर सोडायचा.
ताशी पंचविसाच्या खाली, नाहीतर चाळिसाच्या वर,
मधे रेंगाळायचं नाही, खाली लाट उठते.
थांबायचं तर मुळीच नाही.

"हे सगळं उलटंच आहे," योसेप म्हणाला.

"उलटं आहे, पण बुडणाऱ्याला
पट्टा सोडायला वेळ मिळत नाही.
याला कारण आहे, पोरा," उर्वे म्हणाली.
"त्याला नुसती सवय."

पुढे कोणी काही बोललं नाही.
दोन्ही बाजूंना खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या
एकेक करून मागे जात होत्या.

मग चाकांखाली खडी वाजली.
उर्वेचा हात आपोआप खांद्यामागे गेला, पट्टा खटकन बसला.
माझाही.
योसेपनं पट्टा ओढला, अर्ध्यावर धरून ठेवला,
आणि विचारलं,
"इथे काय धरून चालायचं?"